सूर्यात उभा माणूस

सूर्याच्या खालच्या कडेतून आधी एक टोपी उगवली.

एल्रिकाने दुर्बिणीवरचा डोळा काढला, पापण्या मिचकावल्या, पुन्हा लावला. टोपी होतीच. टोपीखालून नाक आलं, नाकातून वाफ आली, मग खांदे, मग पाना धरलेला हात... आणि बघता बघता एक अख्खा माणूस सूर्यात येऊन उभा राहिला. टोपी वरच्या कडेला, बूट खालच्या कडेला. जणू त्याची मापं घेऊनच कुणी तो सूर्य कापला होता!

जुलैची, म्हणजे पृथ्वीच्या या दक्षिण अर्ध्यातली ऐन हिवाळ्यातली सकाळ होती. रॉगवेल्डच्या पठारावर बादलीतल्या पाण्याची ताटली झालेली, कुंपणाच्या तारांना पांढरी लव फुटलेली. परसात, तोंडावर चंदेरी पडदा चढवलेली दुर्बीण लावून एल्रिका सूर्यावरच्या डागांची वाट बघत होती. पूर्वेच्या कडेने डागांचा एक मोठा जथा आत वळत होता, आणि नेमक्या त्याच्यावर हा बाबा ठाण मांडून उभा!

नेम सूर्यावर धरलेला, म्हणून माणूस नुसता धुरकट दिसत होता. तिने चाकी जराशी फिरवली... उगीच, आहे तरी कोण ते बघावं म्हणून. माणसाची काळी आकृती लख्ख झाली. त्याची हनुवटी, गळ्यातला मफलर, शीळ घालताना काढलेला ओठांचा चंबू. सूर्याची कड मात्र विरघळून गेली. दोन्ही एकदम लख्ख दिसायची सोय त्या दुर्बिणीत नव्हती.

आणि ती चाकी परत फिरवायची विसरली.

भानावर आली तेव्हा स्वतःवरच चिडली, आणि तो सगळा राग तिने समोरच्या टेकाडावरच्या पवनचक्कीकडे फेकला.

“अहो! बाजूला व्हा जरा! तुम्ही सूर्यात उभे आहात!”

थंडीत त्या पठारावर आवाज काचेवरून घरंगळल्यासारखा लांब जातो. चक्कीच्या शिडीवरून उत्तरही तसंच घरंगळत आलं—

“सूर्यात? मग माझी बोटं का गोठलीत?”

एल्रिकाला हसू आलं. तिने ते मफलरमध्ये लपवलं. इतक्या लांबून त्याला काय दिसणार होतं? तरी लपवलं.

*

तासाभरात तो फाटकाशी आला. हातात टोपी, टोपीत थोडा संकोच, डोळ्यांत मात्र अजिबात नाही.

“गर्सविन क्लास्टे. चक्क्या दुरुस्त करतो. सूर्य अडवल्याबद्दल माफी मागायला आलोय.”

“एल्रिका फेब्रुआरी.”

“फेब्रुआरी? आणि भेटलात भर जुलैत? तरीच एवढ्या रागावलात. उन्हाळ्याचं माणूस हिवाळ्यात सापडलं.”

“शाळेतली पोरं रोज हाच विनोद करतात. ती सहा वर्षांची आहेत.”

“म्हणजे मास्तरीणबाई! मग तर कोपऱ्यात उभं राहावं लागणार मला.”

तेवढ्यात टॅनी मर्टल निखाऱ्यांवरचे पाव टोपलीत घेऊन दारात आली. टॅनी म्हणजे एल्रिकाची मावशी. गावात तिच्या पावांइतकीच तिची जीभ गरम. “कोपऱ्यात कशाला? चुलीपाशी ये. हाडं वाजतायत तुझी, मला इथवर ऐकू येतंय.”

पाव फोडून, त्यात जर्दाळूचा मुरंबा भरून तिघं उन्हात बसली. एल्रिका सांगू लागली, आणि सांगता सांगता तिचा चेहरा उजळत गेला. रात्रीचे तारे बघायला गावात लांबून लांबून गाड्या येतात; पण दिवसाढवळ्या आपल्या अंगणात आलेल्या एका ताऱ्याकडे कुणी ढुंकून बघत नाही. बघतात ते फक्त गावातले चार सूर्यवेडे. त्यांनी मिळून ही दुर्बीण घेतलेली. येत्या शनिवारी चर्चच्या अंगणात ते सगळ्या गावाला सूर्य दाखवणार आहेत.

“हवा स्थिर मिळाली ना,” ती म्हणाली, “तर नुसते डागच नाहीत, दाणे दिसतात! सूर्याची सगळी कातडी दाणेदार आहे, जाड भरडलेल्या मक्यासारखी. एकेक दाणा आपल्या देशाएवढा. पण जमीन तापली की हवा थरथरते आणि सगळं पुसून जातं. मी अजून एकदाही धड बघितलेले नाहीत. या, तुम्हाला निदान डाग तरी दाखवते.”

गर्सविनच्या हातातला पाव तोंडाशीच थांबला.

“नको,” तो म्हणाला. “दुसरं काहीही सांगा. ते... ते नको.”

चक्कीच्या टोकावर वाऱ्यात शीळ घालणारा हा माणूस. त्याने नजर अशी वळवली, की एल्रिकाने पुन्हा विचारलं नाही. तो गेल्यावर टॅनी टोपली झटकत, तिची आई मेंढ्या कातरताना म्हणायची तशा चालीवर स्वतःच रचून गुणगुणली—

*वाऱ्याच्या चाकावरी, कोण गं चढला,*
*उन्हाच्या वाटेमध्ये, जीव गं अडला...*

“टॅनी, पुरे!”

“मी काय म्हटलं? मी चक्कीचं म्हटलं.”

*

दुसऱ्या दिवशी आभाळ खाली उतरलं आणि बर्फ पडू लागला. अलगद, न बोलता, कुणी रात्रभर लोकर पिंजत बसल्यासारखा. घाट बंद झाला. गर्सविनचा मुकादम ऊम बेन याची लॉरी चर्चच्या हॉलपाशी चाकांपर्यंत बुडाली आणि तिच्याबरोबर गर्सविनही गावात अडकला; मुक्काम त्या हॉलमध्येच.

अडकलेल्या माणसाला किती कामं सुचतात! कधी टॅनीच्या धुराड्याचं टोपण बसवायला, कधी नळातला बर्फ वितळवायला, कधी दुर्बिणीच्या तिपाईचा ढिला पाय घट्ट करायला तो यायचा. तिपाईचा पाय तर त्याने इतक्या वेळा घट्ट केला, की टॅनीने विचारलं, “झाडाचं मूळ बसवतोयस का रे तिथे?”

‘तुम्ही’चं ‘तू’ कधी झालं, ते दोघांनाही कळलं नाही.

ढग फाटले की एल्रिका धावत बाहेर जायची. गर्सविन सूर्याकडे पाठ करून उलट्या बादलीवर बसायचा आणि तिच्याकडे बघत राहायचा.

“तू सूर्याकडे बघ. मी सूर्याकडे बघणाऱ्याकडे बघतो. डोळ्यांना धोका कमी.”

“खात्री आहे?”

“...आता तेवढी नाही.”

अशाच एका दुपारी, तिच्याकडे न बघता, त्याने सांगितलं. त्याचे थोरले काका लहानपणी ग्रहण बघायला काजळी धरलेली काच घेऊन माळावर उभे राहिले. दुखलं नाही, खुपलं नाही. पण दुसऱ्या दिवसापासून नजरेच्या मधोमध एक करडं नाणं येऊन बसलं, ते कायमचंच.

“त्यांना माझे कान दिसतात, टोपी दिसते. चेहरा नाही. त्यांनीच वाढवलं मला, एल्रिका, आणि त्यांनी मला कधी समोरून बघितलेलं नाही. कोंबडीसारखी मान वाकडी करून, कडेने बघतात.” तो जरा थांबला. “हसतेस?”

ती हसत नव्हती. तिने दुर्बिणीच्या तोंडावरचा चंदेरी पडदा काढला, आभाळाकडे धरला, इंच इंच न्याहाळला आणि मग जपून परत बसवला. वाऱ्याने उडू नये म्हणून चारी बाजूंनी चिकटपट्टी लावली.

“काजळीची काच आणि हा पडदा यांत जमीनअस्मानाचा फरक आहे,” ती हळूच म्हणाली. “याच्यातून जेमतेम कणभर ऊन आत येतं. सुईच्या टोकाएवढं भोक सापडलं तरी मी तो फेकून देते. पण तू बघच, असं मी कधी म्हणणार नाही. भीती ज्याची त्याची असते.”

त्याने मान हलवली. बघितलं मात्र नाही.

तिला वाटलं होतं, त्याने नाही बघितलं तरी आपलं काही अडत नाही. पण त्या रात्री अंगावर पांघरूण ओढताना तिला कळलं, की अडतंय. खूप अडतंय. हा माणूस तिच्या जगाच्या दारात येऊन, पाठ फिरवून बसला होता. घाट मोकळा झाला की तसाच, पाठीनेच, निघून गेला तर?

शुक्रवारी संध्याकाळी ऊम बेन बातमी घेऊन आला. “रस्ता साफ झाला! उद्या सकाळी निघायचं. इथल्या चक्क्यांवर कायमचा माणूस ठेवा म्हणून मालक मागे लागलेत, पण या थंडीत राहायला येडा कोण मिळणार?”

गर्सविनने रिकामाच कप तोंडाला लावला. एल्रिकानेही चहात साखर दोनदा घातली.

निघताना गर्सविन म्हणाला, “दुर्बीण आजच हॉलवर नेऊन ठेवतो. सकाळी तुझा त्रास वाचेल.”

“सांभाळ हं तिला.”

“जिवापाड.”

*

शनिवारची सकाळ अशी उजाडली, की एल्रिका बूट न बांधताच परसात धावली. वारा नाही. धुराड्यांचा धूर दोरीसारखा सरळ उभा. सगळ्या पठारावर बर्फाची चादर. म्हणजे तापायला जमीनच नाही, थरथरायला हवाच नाही! हीच ती सकाळ. अशी सकाळ वर्षात एखादी.

चर्चच्या अंगणात गाव लोटलं होतं. घोंगड्या, लोकरी टोप्या, वाफाळत्या कॉफीचे पेले. एल्रिकाने पडदा तपासला, लावला, नेम धरला, डोळा लावला... आणि सूर्य उकळत होता! डाग नाचत होते, कड लापशीसारखी रटरटत होती. चाकी पुढे, चाकी मागे. काही उपयोग नाही. तिने दुर्बिणीच्या नळीवर हात ठेवला.

नळी गरम होती. भाकरीसारखी गरम.

“गर्सविन! रात्री ही कुठे ठेवली होतीस?”

“शेगडीजवळ,” तो अभिमानाने म्हणाला. “माझ्या घोंगडीत गुंडाळून. रात्रभर कोळसा घालत होतो मी.”

“शेगडीजवळ! अरे, बाहेरच्या थंडीइतकी गार झाल्याशिवाय दुर्बीण दाखवते का काही? आत गरम हवा भोवऱ्यासारखी फिरतेय! म्हणून तर मी हिला रात्री गोठ्यात ठेवते... आजच! नेमकं आजच!”

गर्सविनचा चेहरा पडला.

“मला वाटलं...” तो कसाबसा म्हणाला, “तिला थंडी वाजेल.”

एल्रिकाच्या जिभेवर अजून चार शब्द तयार होते. ते तिथेच विरघळले. पत्र्याच्या, काचेच्या, निर्जीव नळीला थंडी वाजेल म्हणून हा माणूस स्वतःची घोंगडी देऊन रात्रभर जागला? मग स्वतः काय पांघरलं असेल? आणि एकदम, डोळ्यांत पाणी येईपर्यंत, ती हसत सुटली.

“बर्फ आण,” ती म्हणाली. “नको, नको, नळीला लावायला नाही रे! लोकांवर फेकायला. वेळ काढायचाय आपल्याला.”

वेळ त्याने काढला. बर्फाचे गोळे फेकले, ऊम बेनच्या चालण्याची नक्कल केली, टॅनीला नाचायला ओढलं. टॅनी “सोड मेल्या!” म्हणत म्हणत नाचली. दुर्बीण हळूहळू गार होत गेली. बर्फाची चकाकी डोळ्यांत घुसत होती, म्हणून एल्रिकाने टॅनीकडून काळी शाल मागून घेतली, डोक्यावरून घेतली आणि दुर्बिणीवर वाकली.

शालीआड अंधार. अंधारात सूर्य. सूर्य थरथरला... थबकला... आणि शांत झाला.

दाणे!

सगळीकडे दाणे! मधोमध डागांचा तो काळाभोर जथा, त्यावर उजेडाचे बारीक पूल. एल्रिका ओरडली की रडली, तिलाही कळलं नाही. “दिसले! या, या! लवकर या!”

रांग सरकू लागली. शालीआडून एकेकाचा हुंकार येई. कुणी गप्प बाहेर येई, कुणी शेजाऱ्याला गुद्दे मारी. रस्त्यावर लॉरीचा भोंगा वाजला. एल्रिकाने वर बघितलं नाही. बघवेना. पुढच्या माणसासाठी तिने शाल उचलून धरली.

पुढचा माणूस टोपी हातात घेऊन उभा होता.

“तू... रांगेत?” तिच्या हातातली शाल तशीच उचललेली राहिली.

“कधीचा.” गर्सविन पांढराफटक पडला होता. “तू आधी बघितलंस ना?”

“रोज आधी मीच बघते. डोळा जायचाच असेल, तर आधी माझा.”

“मग मी डावा लावतो. उजवा राखून ठेवतो, तुझ्याकडे बघायला.”

त्याने टोपी खिशात कोंबली आणि डावा डोळा दुर्बिणीला लावला. तिने शाल त्याच्यावर अलगद सोडली. अंगण, गाव, पठार, सगळं तिच्यासाठी त्या काळ्या शालीएवढं झालं. आत काहीच हालचाल नाही. एक श्वास, दुसरा श्वास...

“एल्रिका.”

“दुखतंय?”

“नाही. हे इतकं... इतकं शांत आहे? मी जन्मभर याला घाबरलो?” शालीआडून आवाज ओला येत होता. “काकांना घेऊन येईन. ते कडेने बघतील, पण बघतील.”

भोंगा पुन्हा, लांबलचक. ऊम बेन बर्फ तुडवत आला. “क्लास्टे! घाट पुन्हा बंद व्हायच्या आत निघायचंय!”

“ऊम बेन,” शालीच्या आतूनच उत्तर आलं, “इथल्या चक्क्यांवर ठेवायला येडा मिळाला का?”

“अजून नाही. का?”

“माझं नाव सांगा.”

ऊम बेनने आधी शालीकडे बघितलं, मग एल्रिकाकडे. “काय दाखवलंस गं पोरी याला?”

तिने मफलर नाकापर्यंत ओढला. गाल कॉफीच्या पेल्यासारखे वाफाळत होते.

“एल्रिका,” आतून आवाज आला, फक्त तिच्यापुरता. “पठारावर राहतोय ते चक्क्यांसाठी नाही. तुला... म्हणजे... चालेल ना?”

हो तर म्हणायचंच होतं. पण सगळं गाव कान टवकारून उभं. तिने शालीची कड उचलली आणि वाकून स्वतःच आत शिरली.

“ए मास्तरीणबाई!” रांगेतून टॅनी मर्टल ओरडली. “एका वेळी एकानेच बघायचं, हे सकाळी कोण सांगत होतं?”

शाल हसत होती. बाहेर मात्र कुणी येत नव्हतं.