दुसऱ्या बाजूचा माणूस

"कुठल्या कारखान्यात आहात?" तिने वर न बघताच विचारलं. कानात शिट्टी वाजते म्हणून येणारी तरुण माणसं बहुतेक कारखान्यातलीच असायची.

"केकच्या दुकानात," तो म्हणाला. "क्रीमचे गुलाब काढतो."

आता मात्र तिने वर बघितलं. कान तपासायच्या त्या दवाखान्यात तिचा दिवस सत्तरीपुढच्या मंडळींशी बोलण्यात जायचा, आणि ती सगळी मंडळी ओरडून बोलायची. हा इतक्या हळू बोलत होता की तिला खुर्ची पुढे ओढावी लागली. लांब बोटं, काळा शर्ट, आणि मनगटावर गुलाबी क्रीमचा एक वाळलेला ठिपका.

"गुलाब काढताना आवाज होतो का?"

"छे. तो घरी होतो. म्हणजे... मी ऐकतो. हार्डकोर पंक."

"म्हणजे काय असतं?"

त्याने प्रामाणिकपणे विचार केला. "गाणंच असतं. पण चिडलेलं."

तिने त्याला आवाजबंद खोलीत बसवून कान तपासले. कान ठणठणीत होते. शिट्टी आठवड्याभरात जाईल, तोवर चिडलेलं काही ऐकू नका, आणि पुढेही जरा हळू आवाजात ऐकत जा, असं तिने सांगितलं. वाघाला कुजबुजायला सांगावं तसा त्याचा चेहरा झाला.

"हळू आवाजात ते ऐकूच येत नाही हो," तो कळवळून म्हणाला. "तुम्ही एकदा ऐका. रविवारी... माझ्याकडे..." मग आपण काय बोललो ते त्याच्या ध्यानात आलं आणि मनगटावरच्या ठिपक्याचा रंग त्याच्या कानांवर चढला. "म्हणजे— वैद्यकीय दृष्टीने."

"वैद्यकीय दृष्टीने येईन," ती म्हणाली.

वैद्यकीय दृष्टीने ती त्या रविवारी गेली, पुढच्या रविवारीही गेली, आणि त्यानंतर वैद्यकशास्त्राचं नाव कुणी काढलं नाही.

त्याची खोली केकच्या दुकानाच्या वर होती. जिन्यातच व्हॅनिलाचा वास नाकात शिरायचा, आणि दार उघडलं की भिंतभर काळी पाकिटं: कवट्या, धूर, जळकी घरं, एक दात विचकलेला कुत्रा. इतक्या गोड वासात इतका अंधार तिने कुठे पाहिला नव्हता. तो पाकिटातून रेकॉर्ड काढायचा ती कडेला तळवे टेकवून, तान्हं मूल उचलावं तशी. मऊ ब्रशने तिच्यावरची धूळ काढायचा. सुई ठेवायचा. आणि मग स्वयंपाकघरातली भांड्यांची अख्खी मांडणी कोसळल्यासारखा आवाज यायचा, वर कुणीतरी त्या भांड्यांनाच शिव्या घालतंय असा. एक गाणं मिनिटभराचं. संपलं म्हणेपर्यंत पुढची मांडणी कोसळलेली असायची.

"आवडलं?" तो विचारायचा.

"स्पष्ट आहे," ती म्हणायची. प्रेमात पडायला लागलेली बाई खोटं बोलत नाही, शब्द मात्र निवडून घेते.

तो बिचारा तेवढ्यावर खूश व्हायचा. "बघ हं," तो सांगायचा— 'अहो-जाहो' एव्हाना सुटलं होतं— "हा राग आहे, पण कुणाला मारायला निघालेला नाही. आतलं सगळं काळं बाहेर काढायचं, आपटायचं, झटकायचं आणि वाळत घालायचं. मी तर ऐकल्यावर निवांत झोपतो." त्याचे डोळे असे चमकायचे की, गाणं कसंही असो, ते परत लावायला ती आनंदाने तयार व्हायची.

सगळं सुरळीत चाललं होतं. मग बाई आली.

बाई म्हणजे एका छोट्या रेकॉर्डवर ओरडणारी गायिका. त्या बँडने बशीएवढी ती एकच रेकॉर्ड काढली होती आणि मग तो मोडला होता. पाकिटावर बाईचा फोटो होता: अर्धं डोकं भादरलेलं, उरलेल्या अर्ध्याचे केस तोंडावर, आणि त्यातून दिसणारा एकच डोळा. तो डोळा आपल्याकडेच बघतोय असं तिला पहिल्या दिवसापासून वाटलं.

"बाई श्वास कुठे घेते ते ऐक," तो म्हणायचा. "बाई ओळ तोडते बघ कशी. बाईंसारखं कुणी नाही." कधी 'बाई', कधी आदराने 'बाईं'. हिच्या नव्या कुडत्याकडे त्याचं लक्ष गेलं नाही. हिने केस कापले, त्याकडे गेलं नाही. हिचाही श्वास दिवसभर चालूच होता. त्याबद्दल चकार शब्द नाही.

घरी ती भांडी जरा जास्तच आपटायला लागली, तेव्हा वहिनीने विषय काढला.

"कोण गं ही बाई?"

"गाते."

"काय गाते?"

"गात नाही. ओरडते."

"लग्न झालंय का तिचं?"

"मला काय माहीत! बँड मोडलाय तिचा."

"अगं बाई, म्हणजे मोकळीच आहे की," वहिनी म्हणाली आणि भाजी चिरत राहिली. मग जरा वेळाने, "भेटतात का ही दोघं?"

"वहिनी, ती रेकॉर्डवर आहे! कुठल्या देशात आहे, जिवंत आहे का, कुणालाच माहीत नाही."

"तेच तर वाईट. समोर असती तर कधीतरी शिळी झाली असती." सुरी क्षणभर थांबली. "तूही कुणाचं तरी कौतुक कर. बघ कशी मान वळते ते."

पुढच्या रविवारी त्याने तिला सगळ्यात मोठी गोष्ट दिली. त्याच्या खोलीतून आजवर एकही रेकॉर्ड बाहेर गेली नव्हती, सख्ख्या भावालासुद्धा त्याने नाही म्हटलं होतं. त्याने बाईची रेकॉर्ड टॉवेलात गुंडाळली, केकच्या खोक्यात ठेवली, खोक्याला रिबन बांधली आणि तिच्या हातात दिली.

"मी फक्त पहिली बाजू ऐकवलीये. दुसरी... तू एकटी ऐक," तो म्हणाला. हिने खोकं छातीशी धरलं. पण पुढचं वाक्य आलंच: "बाई तिथे वेगळीच आहे."

घरी बाबांचा जुना रेकॉर्ड प्लेअर होता. त्यावर ताटाएवढ्या मोठ्या रेकॉर्डशिवाय दुसरं काही कधी लागलं नव्हतं, आणि त्याची बटणंही बाबांखेरीज कुणी हाताळली नव्हती. बाबा फिरायला गेल्यावर तिने दार लावून घेतलं, बाईचा एकुलता एक डोळा उशीखाली दडपला आणि दुसरी बाजू लावली.

बाई आलीच नाही.

आला तो एक पुरुष. खोल विहिरीच्या तळातून बोलावं तसा आवाज. ढोल असे पडत होते, जणू कुणी अंधारात एकेक पायरी चाचपत खाली उतरतंय. गिटार घोंगडीसारखी जड, काळी, उबदार. आणि त्यातून तो माणूस घाई न करता, दुखऱ्या दाढेने बोलावं तसं म्हणत होता: दार उघडंच आहे... तू अजून ठोठावतोस का?

दिवसभर आवाज मोजणाऱ्या त्या मुलीने यंत्रं, आकडे सगळं बाजूला ठेवलं आणि जमिनीवर बसून रडून घेतलं. कानाला काहीतरी खटकलं होतं. पण बाई नाही, या आनंदापुढे कानाचं ऐकणार कोण? हा वेगळा गायक असणार, तिने ठरवून टाकलं. 'बाई तिथे वेगळीच' म्हणाला त्याचा अर्थ हाच असेल. नाहीतर बाईच्या नादात या गायकाकडे बघायला त्याला सवडच झाली नसेल.

दुसऱ्या दिवशी त्याचा फोन आला. "ऐकलीस?"

आता तिला वहिनी आठवली.

"ऐकलं," ती म्हणाली. "काय आवाज आहे त्याचा!"

"...कुणाचा?"

"आहे एक. किती सावकाश बोलतो! काही लोकांसारखा अंगावर येत नाही. काल रात्रभर डोक्यातून जात नव्हता."

फोनवर शांतता पसरली. तिला ती बासुंदीसारखी गोड लागली. "ठेवते हं, पेशंट आलेत," म्हणत तिने फोन ठेवला.

मान वळते म्हणाली होती वहिनी. मान वळली, आणि तशीच अडकली. त्याचा फोन येईना. रविवारी तो म्हणाला, काम आहे. तिकडे दुकानात सहा वर्षांच्या एका मुलीच्या वाढदिवसाच्या केकवर त्याने अप्रतिम गुलाब काढले, पाकळी न् पाकळी जिवंत, आणि सगळे काळे. मुलीने भोकाड पसरलं. मालकाने त्याला आत बोलावलं. इकडे हिची गोडी पहिल्याच दिवशी उतरली होती. आपण गंमत केली आणि तो बाईकडे कायमचा गेला, असं तिला वाटायला लागलं. फोन आपण करायचा की नाही यावर तिने इतका विचार केला की तेवढ्यात चार फोन झाले असते.

शेवटी तो आला. दवाखान्याची बाहेरची खोली माणसांनी भरली होती. कानाचं मशीन बसवायला आलेले आजोबा, मशीन बिघडलेल्या आजी, मशीन घरी विसरलेले काका. ती एका आजींना नंबर सांगत होती. पीठ लागलेल्या ॲप्रनसह तो दारात उभा राहिला. त्याच्या लांब बोटांची मूठ वळलेली होती.

"कोण आहे तो?" त्याने विचारलं.

नेहमीसारखंच विचारलं, म्हणजे कुणालाच ऐकू गेलं नाही.

"काय?" ती म्हणाली.

मग आयुष्यात कधी आवाज न चढवलेला तो माणूस ओरडला. पोटातून, ओळ तोडत, श्वास घेत ओरडला: "कोण— आहे— तो?"

सगळ्या खोलीच्या माना वळल्या. कोपऱ्यातले आजोबा आनंदाने उठून उभे राहिले. "मला ऐकू आलं! मशीन लावलेलंही नाही!"

"कोण, कोण?" शेजारच्या आजी म्हणाल्या.

"तेच तर तो विचारतोय," आजोबांनी सांगितलं.

तिने त्याला दंडाला धरून आवाजबंद खोलीत ओढलं आणि जाड दार लावून घेतलं. काचेबाहेर आजोबा, आजी आणि काका अर्धवर्तुळात उभे राहिले. आतलं काही ऐकू येणार नाही याची त्यांना आयुष्यभराची सवय होती, बघण्यात त्यांची काही तक्रार नव्हती.

"कुणी नाही रे," ती म्हणाली. तिचे डोळे भरले होते आणि हसूही आवरत नव्हतं. "तुझ्याच रेकॉर्डवरचा आहे. दुसऱ्या बाजूचा."

"दुसऱ्या बाजूला कुणी माणूस नाही. बाईच आहे."

"पुन्हा बाई! मी काय बहिरी आहे? माझं कामच ते आहे. पुरुष आहे तो. दार उघडंच आहे, म्हणतो, तू अजून ठोठावतोस का—"

त्याचा चेहरा पांढरा पडला. "हे शब्द तर बाईंचे आहेत." आणि मग अत्यंत दुखावून, "म्हणजे त्याने शब्दही चोरले?"

संध्याकाळी तो तिच्या घरी, बाबांच्या प्लेअरसमोर, सासुरवाडी बघायला आलेल्या माणसासारखा गुडघे जुळवून बसला. बाबा फिरायला गेले होते. वहिनी स्वयंपाकघरात होती, म्हणजे दाराच्या मागे. तिने रेकॉर्ड लावली. ढोल पायऱ्या उतरायला लागले. तो माणूस विहिरीतून बोलला.

त्याने ऐकलं. मान तिरकी केली. मग बोट पुढे नेऊन प्लेअरच्या कडेचा एक खटका दाखवला.

"मोठी रेकॉर्ड सावकाश फिरते. छोटी भरभर फिरवायला लागते. त्यासाठी हा असतो."

"मग?"

"तू बाईंना पाऊणपट वेगाने ऐकलंस. आवाज तेवढा खाली गेला." तो आता हसायचं थांबवू शकत नव्हता. "तो माणूस म्हणजे बाईच."

ज्या बाईवर जळून तिने दिवसच्या दिवस काढले, तिच्याच गळ्यात पडून ती रडली होती. आणि हा इतके दिवस ज्या माणसावर जळत होता त्याचा फोटो यानेच रिबन बांधून तिला दिला होता.

"मला त्या बाईचा इतका राग यायचा," ती म्हणाली. "तिचा श्वास तुला ऐकू येतो. मी केस कापले ते दिसत नाहीत."

"दिसले. डाव्या कानामागे जास्त कापलेत," तो म्हणाला. "नवा कुडता निळा होता. मला सगळं दिसतं. बाईंचं कौतुक करता येतं गं, त्या रेकॉर्डवर आहेत, वळून बघत नाहीत. तुझं करायला तोंड उघडलं की..." तो थांबला. परत सुरुवात केली. परत थांबला. आणि मग ते त्याने सांगितलं, इतक्या खालच्या आवाजात की तिच्या दवाखान्यातल्या कुठल्याही यंत्राचा काटा हलला नसता.

दाराआडून वहिनी पुटपुटली, "मोठ्याने बोला की जरा..."

तिला मात्र शब्द न् शब्द ऐकू आला. ती कानापर्यंत लाल होत उठली, खटका पलीकडे सरकवला आणि सुई पुन्हा सुरुवातीला ठेवली.

मांडणी कोसळली. पण या वेळी तिला त्यातलं एकेक भांडं ओळखू आलं. तोच ढोल, आता पायऱ्या सोडून धावत सुटलेला. तीच घोंगडी, आता पेटलेली. आणि तोच दुखरा जीव, फक्त वाट बघून बघून त्याचा धीर सुटलेला. इतकं दुखत असताना सावकाश कोण बोलतं? ही बाई ओरडत होती कारण दार उघडं होतं आणि कुणी आत येत नव्हतं. एवढं तर हिलाही समजत होतं. ती प्लेअरवर वाकली आणि त्या गदारोळात ओठ हलवून काहीतरी बोलली.

गाणं संपलं.

"काय म्हणालीस?" त्याने घाईने विचारलं. "मला ऐकू नाही आलं."

"तुला नव्हतंच. बाईंना म्हणाले."

"काय?"

"म्हटलं, बाई, तुम्ही खुशाल गा. पण माणूस माझा आहे."

तो तिच्याकडे बघत राहिला. मग, गुलाबाची शेवटची पाकळी ठेवावी तशा हळू हाताने, त्याने तिचे केस डाव्या कानामागे सारले.

"मग? बाई काय म्हणाल्या?"

"काय म्हणणार," ती म्हणाली. "ओरडल्या."