पाठमोरी भाकर

या वामनराव, असे दारच्या सपरीत सरकून बसा, पान लावा, अन् आज तुम्हाले अशी गोष्ट सांगतो का तुम्ही हसानबी अन् उपरण्यानं डोळेबी पुसान! गोष्ट कुत्रीची हाये. आत्ताच हसू नोका जी... कुत्रीची हाये, पण तिच्यात एका बाईचं सारं काळीज गुतलं हाये.

केळापूरच्या इकडल्या आंगाले नानाजीचं घर. साल त्रेसष्टचं असंन, दिवाळी होऊन कापूस घरात येऊन राह्यलता. नानाजीची बहीण कौसल्या, चौदाव्या वर्षी कुंकू पुसलं अन् भावाच्या घरी आली ते आलीच. भावजय बाळंतपणात गेली तं तिचं आठ दिवसाचं लेकरू हिनं पदराखाली घेतलं. घनश्याम त्याचं नाव. बोळ्यानं शेळीचं दूध पाजून वाढवला, आंगावरच्या पाटल्या मोडून यवतमाळले शिकवला, नोकरीले लावला. अन् त्याच घनश्यामनं चार वर्षं झाले, घराच्या उंबरठ्यावर पाय ठेवला नव्हता!

त्या दिवशी दुपारी आंगणात बैलाची बंडी थांबली अन् घनश्याम उतरला. एकटाच. हातात झाकणाची टोपली. कौसल्याचे हात पिठाचे, तशीच धावली... अन् दारापाशी पाय थबकले. आपून कायले धावा? कोण हाये आपला तो आता?

"आत्या," मान खाली घालून तो म्हणे, "माही पुसदले बदली झाली. नवा घरमालक कुत्री ठेवू देत नाही. इंदूले सहावा महिना लागला, दोन दिवसापासून जेवली नाही ती. चार वर्षं हेच तिचं लेकरू होतं. बुंदी म्हणते हिले. आमच्या दोन खोल्या सोडून हिनं दुनिया पाह्यली नाही, आम्हा दोघाबिगर माणूस पाह्यला नाही. एवढी सांभाळ. हिले काही झालं तं इंदू मले माफ करणार नाही, अन् ह्या घराचं तं नावबी घेणार नाही."

"आता तरी कुठं घेते रे?" कौसल्याच्या तोंडून निंगूनच गेलं.

पोरग्यानं टोपली उंबरठ्यावर ठेवली. चहा घेतला नाही. त्याच बंडीनं मोटरस्टँडवर परत गेला. धूळ बसेवर कौसल्या पाहत राह्यली... एवढी एक टोपली! माय-लेकरात आता एवढाच धागा उरला, अन् तोबी थरथरून राह्यला. कारण झाकण काढलं तं आत मांजराएवढी पांढरी, लांब केसाची कुत्री, पिल्लू नव्हे, चांगली मोठी, कान चिपकवून अशी कापे का टोपली वाजे!

आता कौसल्याच्या मनातला सल सांगतो. चार वर्षामागं घनश्यामनं घरी न इचारता यवतमाळलेच लगन लावून इंदूले घरी आणली, तवा हिनं सारा राग गिळून अख्खं गाव बोलावलं. वाजंत्री, फटाके, बाया, पोट्टे... उभं राहाले जागा नव्हती. ओवाळलं शेजारच्या विमलताईनं. कौसल्या विधवा, ती कशी ओवाळंन? उभा जन्म ज्याच्यासाठी जाळला त्याच्या बायकोचं तोंड तिनं दाराच्या फटीतून पाह्यलं! अन् ती सून माप ओलांडून आत आली ते सरळ खोलीत गेली अन् कडी लावून घेतली. बाया बोलावून दमल्या. कौसल्याच्या पाया पडाले ती आलीच नाही.

"माह्या पांढऱ्या कपाळाचा इटाळ मानला तिनं!" कौसल्या त्या रात्री हंबरडा फोडून बोलली. "गर्वाची हाये ही! असल्या सुनेच्या हातचं पाणी नाही पायजे मले!" ते भिंतीपल्याड ऐकू गेलं. सकाळच्या मोटरनं दोघं गेले, ते गेलेच.

पण ह्या टोपलीपायी तिनं ठरवलं का मानपानात कमी पडू द्याचं नाही. नवी गाय घरी आणली का आपून काय करतो? पायावर पाणी, कपाळाले कुंकू, शेजारपाजार पाह्याले. तसंच केलं! विमलताई थाळी घेऊन आली, मांगं पंधरा बाया, वीस पोट्टे. "पाहू वं, पाहू वं, यवतमाळची पाहुणी!" कोणी शेपटी धरे, कोणी कान. विमलताईनं पायावर पाण्याचा तांब्या वतला अन् कुंकवाचं बोट कपाळाकडे नेलं, तशी बुंदीनं 'कर्र' करून बोट पकडलं, साऱ्यांच्या पायातून सुटली, माजघरातल्या कापसाच्या गंजीत घुसली अन् दिसेनाशी झाली!

"अवं माय, चावली!" विमलताई बोट चोखत म्हणे. "जशी मालकीण तशी कुत्री. दोघीबी गर्वाच्या!"

तीन दिवस झाले. दूध ठेवलं, भात ठेवला, गूळ ठेवला. हर घटकेले कौसल्या गंजीपाशी वाकून बोलावे, "बुंदी... बुंदी... ये वं माय!" अन् ती अजून आत सरके. दुधाले मुंग्या लागल्या. पोट्टे खिडकीतून डोकावून डोकावून पाहत. चौथ्या दिवशी कौसल्यानंबी ताट बाजूले सारलं. हे मुकं जनावर इथं उपाशी मेलं तं पोराले कोणत्या तोंडानं सांगू? तो म्हणंन, आत्यानं रागानं मारली... देवा, तोबी आता परका होते!

तेवढ्यात नानाजी वावरातून आला. वेचणी चालू होती, तीन दिवस वावरातल्या खोपडीतच मुक्काम होता त्याचा. सारं ऐकून घेतलं, तंबाखू थुकला अन् म्हणे, "कौसे, नवं वासरू दावणीले आलं अन् बुजलं, तं आपून त्याच्या डोळ्यात पाहतो का?"

"नाही बा."

"मंग काय करतो?"

"पाठ करून बसतो. चारा मांगं टाकतो. त्याच्या मनानं येते ते."

"मंग ते काय वाघीण हाये का? तेबी वासरूच हाये, उलसं, टोपलीत मावणारं!"

कौसल्यानं पोट्टे हाकलले, खिडकी लावली, विमलताईले सांगतलं का बाई, आठ दिवस येऊ नोको. अन् गंजीकडे पाठ करून, भिंतीकडे तोंड करून बसली. मांडीवर कापूस घेतला, त्यातला पाला-काडी वेचाले लागली. तसंबी ते काम पडलंच होतं. घंट्या-दोन घंट्यानं भाकरीचा तुकडा खांद्यावरून मांगं टाके. वळून पाहे नाही. बोलावे नाही. जुन्या ओव्या तेवढ्या नाकातल्या नाकात गुणगुणे.

पहिल्या दिवशी तुकडे तसेच राह्यले. दुसऱ्या दिवशी ती उठून पाणी प्याले गेली, येऊन पाहते तं तुकडे नाहीत! तिसऱ्या दिवशी मांगून चघळल्याचा आवाज आला, अन् कौसल्यानं चांगला कापूसच पाल्यात टाकला. पण मान नाही वळवली, हं! पाचव्या दिवशी, दुपारची येळ, पाठीले काहीतरी टेकलं. उलसं, ऊन ऊन... धडधडणारं. काळीज होतं ते बुंदीचं.

अन् तवा, वामनराव, कौसल्यानं हळूच मान कलती करून पाह्यलं. दोन काळे डोळे. असे डोळे तिनं एकदा पाह्यले होते... कुठं? अन् तिच्या आंगातून वीज गेली. दाराच्या फटीतून! चार वर्षामागं, वाजंत्रीत, माप ओलांडताना, शालूच्या आत असेच डोळे होते. गर्व नव्हता तो... भेव होतं! नुसतं भेव!

"नाना!" ती रडत सपरीत आली, "अरे, पोरगी भेली होती रे! अन् मी मेली माह्या कपाळाचंच रडत बसली! तुले वासराचं समजते, मंग सुनेच्या येळेस काहून नाही सांगतलं?"

"तवा तू इचारलं कुठं?" नानाजी म्हणे. "तवा तं तू पुरं गाव बोलावून राह्यली होती."

दुसऱ्याच दिवशी शाळेच्या मास्तरकडून कार्ड लिहून घेतलं. 'बुंदी जेवते. इंदूले पाठव. मी कोणाले बोलावणार नाही.' बस, एवढंच. मास्तर म्हणे, आशीर्वाद लिहू का? कौसल्या म्हणे, "नोको. तो तिच्या तोंडासमोर देईन, तिनं घेतला तं."

बारा दिवसानं बंडी आली. दारात कोणी नव्हतं. ना वाजंत्री, ना थाळी. दार सताड उघडं, अन् आत कौसल्या, पाठमोरी, कापूस वेचत. बंडीचा आवाज ऐकून तिचं काळीज नुसतं नगारा झालं होतं, पण ती वळली नाही. इंदू उंबरठ्यात उभी राह्यली. बुंदी भुकत धावली, तिच्या पायाशी लोळली, तिचे हात चाटले... अन् मंग परत येऊन कौसल्याच्या पाठीले टेकून बसली!

लय येळ गेला. मंग पाटल्याबिगरच्या त्या हातांजवळ बांगड्यांचे दोन हात आले अन् कापसातला पाला वेचू लागले.

"आत्याबाई," आवाज असा, का पाण्यात बुडलेला. "मी मामीजवळ वाढले, घरात आम्ही दोघीच. एवढी माणसं एका जागी मी कधी पाहिलीच नव्हती. माझा श्वास कोंडला होता हो... अन् तुम्ही दाराआड. तुमचं तोंडच मला दिसलं नाही. पाया कोणाच्या पडू?"

"मीच लपली होती वं माय," कौसल्याचा बांध फुटला. "मीच लपली होती! अवं, वाकू नोको, पोटुशी हायेस..." पण इंदू वाकलीच, अन् तिचं डोकं पायापाशी जायच्या आधी कौसल्यानं उरापाशी धरलं. घनश्याम दारात उभा राहून लहान पोरावाणी रडे.

"मला ओवाळा ना, तुमच्या हातानं," इंदू म्हणे.

"मले कुठं चालते बाई ते?"

"भाकरतुकडा उतरवाले कुंकू लागते का?" नानाजी सपरीतून वरडला. "उतरव ना! रडून राह्यल्या नुसत्या!"

कौसल्यानं भाकरीचा तुकडा घेतला, डोळे पुसत इंदूवरून तीनदा उतरवला, अन् तो दाराभायेर फेकाचा सोडून सवयीनं खांद्यावरून मांगं टाकला! बुंदीनं तो वरच्यावर झेलला अन् गिळला. अन् मंग ते घर असं हसलं, वामनराव, का चार वर्षाचं सारं मळभ त्या हसण्यानं उडून गेलं. बाळंतपण तिथंच झालं. बुंदी पाळण्याखाली बसे अन् विमलताईले तेवढी भुके, शेवटपर्यंत.

आता तुमच्या घरी सून येऊन राह्यली, परवा. बँड ठरवला म्हणता, दोनशे पान म्हणता. ठरवा, खुशाल ठरवा. पण माहं एक मागणं हाये भाऊ, नाही म्हणू नोका... पोरगी उंबरठ्याच्या आत आली का दार लोटून घ्या, लोकाइले भायेर जेवाले बसवा, अन् वहिनीबाई, पोट्टे, तुम्ही, सारे घडीभर तिच्याकडे पाठ करून बसा.