तोंड उघड, जीभ वर

तुरुंगाच्या दवाखान्यात मी कंपाउंडर आहे. क्षयाच्या कैद्यांना वेगळ्या खोल्यांत ठेवतात, खिडक्या सताड उघड्या, आणि रोज दुपारी मी गोळ्यांचा ट्रे घेऊन त्यांच्या दारांपुढून जातो. काम सोपं आहे. दाराच्या झरोक्यातून गोळ्या द्यायच्या, कैद्यानं त्या माझ्यासमोर गिळायच्या, मग तोंड उघडून जीभ वर करायची आणि मी आत डोकावून बघायचं. हे बघणंच मला जमत नसे. मास्क असूनही त्यांच्या श्वासाची धडकी भरायची. म्हणून मी मान फिरवायचो आणि ‘आ’ ऐकू आला की पुढे सरकायचो.

“कंपाउंडर, नव्या नवरीसारखे लाजता की!” तिथला शिपाई चिडवायचा. मीही हसून सोडून द्यायचो.

शेवटच्या खोलीत एक शिंपी होता. घरी तान्ही लेक. बरं होऊन तिला उचलून घ्यायचं, एवढाच त्याला ध्यास. कित्येक दिवस तो म्हणत होता, “भाऊ, गोळ्या पोटात ठरत नाहीत. जरा बघा ना.” मी भिंतीकडे बघत म्हणायचो, “होईल सवय.”

त्या दुपारी ड्युटीवर आलो तो थेट ट्रे उचलला. बोळात फिनेलचा वास होता. कुणी खोकत नव्हतं. शेवटच्या झरोक्यापाशी मान फिरवून गोळ्या धरल्या, त्या उचलल्या गेल्या. बोटं गार लागली. मग पाण्याचा घोट. मग लांबलचक ‘आ…’

“झालं,” मी म्हणालो.

“बघा ना…”

“उद्या.”

तेवढ्यात शिपाई किल्ल्या नि बादली घेऊन आला. “कुणाशी बोलताय?”

“शिंप्याशी. गोळ्या दिल्या.”

त्यानं बादली खाली ठेवली. “शिंपी पहाटेच गेला, कंपाउंडर… मी खोली धुवायला आलोय.”

त्यानं दार उघडलं. खाटेवर गुंडाळलेली वळकटी, बाकी कुणी नाही. कोपऱ्यातल्या घमेल्यात वाळलेली उलटी, आणि तिच्यावर मी आत्ताच दिलेल्या गोळ्या. ओल्या.

“रोज हे घमेलं मीच धुतो,” शिपाई हलकेच म्हणाला. “गोळ्या तशाच बाहेर यायच्या. मला वाटलं, तुम्हाला माहीत असेल. तुम्ही तर रोज समोर असता.”

भीती नंतर वाटली. आधी लाज वाटली, इतकी की त्याच्याकडे बघवेना. मी एकदा जरी आत बघितलं असतं, तरी डॉक्टरांना सांगून उलटीवर औषध देता आलं असतं. त्याची लेक त्याला भेटली असती.

शिपाई पाणी आणायला गेला. मी दारातच खिळलो होतो. तेव्हा त्या रिकाम्या खोलीतून पुन्हा आवाज आला…

‘आ…’

घाई नव्हती त्यात. वाट बघायची तयारी होती.

निदान आता तरी बघायला हवं होतं. सांगायला जीभ रेटत नाही, पण एवढं सगळं कळूनही मी मान फिरवली.

बोळात कुणीच नव्हतं. मी श्वास रोखून धरला होता. तरी मास्कच्या आत माझ्या ओठांवर ऊन ऊन श्वास लागत राहिला.