सातवी कुंडी

रोप सापडलं, हुलसूर गावचं आल्याचं पीक वाचलं आणि एक घोंगडी जाळावी लागली. ही ओळ चुकून आधी छापली गेली आहे. आपण ती वाचलेली नाही.

येळवस, म्हणजे अख्ख्या गावानं शेतात जेवायचा दिवस, कालच झाली होती. सकाळी रोप-तपासनीस जयंती धापा टाकत खासगी गुप्तहेर उमादेवीच्या दारात आल्या.

"अक्का, परदेशी आल्याच्या सात कुंड्या क्वारंटाईनमध्ये होत्या. एक गेली! रोप मातीला लागलं तर कंदकुज मंठाळपर्यंतचं आलं संपवेल."

"कुलूप?"

"शाबूत. किल्ली व्हरांड्यातल्या खिळ्याला असते."

"सुरक्षित जागा," अच्युतराव म्हणाले. उमादेवीचे हे सहकारी निवृत्त मास्तर होते. ते थट्टा करत नसत.

खोलीत सहा कुंड्या. पानांवर आणि फरशीवर पांढरे, वाळलेले थेंब.

"जंतुनाशक," अच्युतरावांनी वहीत लिहिलं. उमादेवीनं वाकून वास घेतला. आंबूस.

रोपं मागवणारा नर्सरीवाला सुनीलकुमार घाम पुसत होता.

"परवान्याबिगर मागवली, चुकलं. पण काल दिवसभर गुलबर्ग्याला वकिलाकडं बसलो. येळवस बुडाली बघा माझी."

राखणदार हावगेप्पा थंडीनं कुडकुडत होता. चौकीतली खुंटी रिकामी. चपलांना ओली काळी माती.

"मी कुठं जायलोय, अक्का? दिवसभर हितंच. सात पाव्हणे आलेत, आठ दिस झाले कोंडून घातलेत. कामून?"

"सुनीलकुमारला धरा!" अच्युतराव गरजले.

"मास्तर, त्यानं सातही नेली असती. आणि चोर मागं राहिलेल्यांना जेवू घालतो का? ते थेंब आंबिलीचे आहेत. येळवशीला पिकावर शिंपडतो तीच. या आवारात सगळं सिमेंट, मग हावगेप्पाच्या चपलांना शेतातली माती कशी? आणि रोपांना पाव्हणे कोण म्हणालं? येळवशीला पाव्हणा शेतात नेल्याबिगर कोण राहतं?"

हावगेप्पानं मान खाली घातली. "सायकलीवर सात बसनात, अक्का. येकालाच नेलं."

"मातीत लावलंस?" जयंतींनी त्याचा दंड धरला.

उमादेवीनं रिकाम्या खुंटीकडं बोट केलं. "घोंगडी कुठाय तुझी?"

"व्हय, तिच्यावरच बसवलंय की, कुंडीसकट. पाव्हण्याला भुईवर बसवतात व्हय? रातीचा मुक्काम करून आज आणणारच होतो."

दुपारी कंदकुजीच्या धास्तीनं कुंडीतलं रोप आणि त्याखालची घोंगडी, दोन्ही जाळण्यात आली.

आठवड्यानं कार्यालयात अर्ज आला:

"विषय: क्वारंटाईनमधील उर्वरित सहा पाव्हण्यांना पुढील येळवशीस एक दिवसाची रजा मिळणेबाबत. मुक्कामाची हमी अर्जदार घेत आहे. पाव्हणे सहा असल्याने घोंगड्या सहा मंजूर व्हाव्यात, ही नम्र विनंती."