नऊ दिवसांचा चुना

हसू नका रे पोरांनो. बूश्ता गवंडी माझा शेजारी, आपल्या मेकनेसचाच. थापा मारणारा माणूस नव्हे तो. अकरा वर्षं झाली. ईदनंतरची तिसरी रात्र, बुधवार, साडेदहाचा सुमार. ईशाची नमाज आटोपून बूश्ता जुन्या कॉलेजकडे निघाला. बाहेरच्या भिंतीला नवा गिलावा केला होता, त्यावर पाणी मारायचं होतं. एवढंच काम.

पण मन खात होतं. चुना सहा महिने खड्ड्यात मुरल्याशिवाय भिंतीला लावायचा नाही, अशी शपथ त्याच्या उस्तादांनी, थामींनी, त्याच्याकडून घेतली होती. गिलावा घोटायचा दगड हातात देतानाच घेतली होती. आणि कामावरचा इंजिनिअर म्हणाला, "शुक्रवारी मंत्री येताहेत. नऊ दिवस खूप झाले. जमत नसेल तर दुसरा गवंडी बघतो!" बूश्ताने मुकाट्याने गिलावा चढवला. त्या इंजिनिअरचा मला आजही संताप येतो. मान तुकवणाऱ्या बूश्ताचा त्याहून जास्त.

उस्तादांना जाऊन तेव्हा दोन हिवाळे झाले होते.

परांचीवर चढून त्याने भिंतीवर पहिला डबा ओतला. तेवढ्यात पलीकडच्या टोकाला आवाज आला. गिलाव्यावर दगड घोटल्याचा. घस्... घस्... हाताखालचा गडी असेल, बूश्ताला वाटलं.

"कोण ते? हम्मू, तू का? घरी जा की मेल्या, बायको वाट बघतेय!"

आवाज थांबला.

परांचीची फळी वाकली. पुन्हा वाकली. कुणीतरी चालत येत होतं. दिसत कुणीच नव्हतं.

"चुना किती दिवसांचा?"

तोच, उस्तादांचा घोगरा आवाज.

"सहा... सहा महिने, उस्ताद."



"किती?"

बूश्ताने डबा खाली ठेवला.

"बूश्ता. किती?"

"नऊ दिवस."

फाडकन मुस्कटात बसली. तो फळीवर आडवा. गालाची आग आग.

"पाड."

मग काही नाही. फळीही हलली नाही.

पहाटेच्या अजानपर्यंत बूश्ताने स्वतःच्या हातांनी अर्धी भिंत सोलून काढली होती. इंजिनिअर धावत आला, आईबहीण काढली. बूश्ताने हातोडा थांबवला नाही. "दुसरा बघा, साहेब," एवढंच म्हणाला.

गाल डॉक्टरांना दाखवला. चुन्याने भाजलंय, म्हणाले. जखम भरली. पण डाव्या गालावर पाच बोटांच्या ठशापुरती दाढी आजही उगवत नाही.