एक्क्याण्णव जोडण्या

सर्व्हरच्या खोलीच्या दारात आम्ही दोघं एकदमच पोचलो, आणि दोघांच्याही मनात एकच होतं — समोरच्याला फैलावर घ्यायचं.

मी पालिकेच्या रक्तपेढीची वेबसाइट सांभाळते, तो पालिकेच्याच नाट्यगृहाच्या तिकिटांची. सर्व्हर एक, डेटाबेसही एकच. तीन दिवस झाले, जरा गर्दी वाढली की माझं पान बंद. 'जोडणी मिळत नाही' एवढंच उत्तर. पासवर्ड तपासला, सेटिंग पुन्हा लिहिलं, सर्व्हर दोनदा बंद-चालू केला. तासभर बरं चालायचं... मग ये रे माझ्या मागल्या. आज तर पेढीतल्या मावशी जुन्या वहीतून रक्तदात्यांना फोन लावत बसल्या होत्या, आणि रुग्णालयात एका बाईचं ऑपरेशन खोळंबलं होतं.

तुमच्या नाटकांपायी माझे दाते अडकलेत, असं मी त्याला सुनावलं. त्यावर तो म्हणाला, की तुम्ही सर्व्हर बंद केलात आणि माझं अर्धं बुकिंग उडालं. रागावताना त्याच्या गालाला खळी पडत होती. मला त्या खळीचाही राग आला.

शेवटी एका स्क्रीनपुढे बसलो. डेटाबेस एका वेळी शंभरच जोडण्या देतो. कोणी किती अडवल्यात, ती यादी त्याने काढली. नाट्यगृहाच्या नऊ. माझ्या एक्क्याण्णव.

मी माझा कोड उघडून पाहिला. हवा तो रक्तगट सापडला नाही, की माझा प्रोग्राम जोडणी तशीच उघडी टाकून निघून जात होता. त्याने फक्त कीबोर्ड माझ्याकडे सरकवला. मी जोडणी बंद करणारी ओळ लिहिली, त्याने अडकलेल्या जोडण्या सोडवल्या. पान उघडलं. थोड्या वेळाने मावशींचा फोन आला — दाता मिळाला, निघालाय.

तेवढ्यात साहेब आले, चूक कोणाची विचारत.

"तशी दोघांचीही..." तो सुरू झाला.

"माझी, सर," मी म्हटलं. "यांची नव्हती."

साहेब गेल्यावर तो हळूच म्हणाला, "मी सांभाळून घेत होतो."

"कळलं. म्हणून तर बोलले."

तो उठला, दारापर्यंत गेला... आणि तिथेच रेंगाळला. "आता भांडण मिटलं. म्हणजे उद्या इथे यायला मला काही कारणच नाही."

तीन दिवसांचा वैताग अजून उतरला नव्हता. "कारण कशाला लागतं?" मी चिडूनच म्हटलं. "मला भेटायला या."