राजाच्या तोंडचं वाक्य

रात्रभर चालणारा दशावताराचा खेळ, देवळाच्या मंडपात, सकाळी दहाला! असलं खूळ सरकारी खात्यालाच सुचायचं. आपा धुरी मुकुट बांधत बसला होता. चाळीस वर्षं तो राजाचं काम करी. दशावतारात लिहिलेलं नाटक नसतं. कथानक तेवढं ठरतं, संवाद नटाने उभ्या उभ्या रचायचा. आपाच्या हजरजबाबीपणावर अख्खा तालुका जीव टाकायचा.

लोककला जतन खात्याच्या म्हात्रेबाईंनी त्याच्या कानामागे चपटी पट्टी चिकटवली. "ही वाणीपट्टी. शब्द ओठांवर येण्याआधी मेंदूत जुळतात, तिथेच ती वाचते. वेगळं काही जुळलं की प्रमाण वाक्य पुढे करते. यंदा हिच्याशिवाय राजाच्या नटाला जत्रेत परवानगी नाही."

"कोणाचां प्रमाण?"

"तुमचंच, आपा! गेल्या वर्षी तुम्ही तीस खेळ ध्वनिमुद्रित करून दिलेत, त्यातूनच घेतलंय."

"माझांच, तर निवडल्यान कोणी?"

"समितीने. टोचणारं तेवढं गाळलंय."

ध्वनिमुद्रण करताना आपाला केवढा अभिमान वाटला होता! तीसही खेळांत त्याने जीव ओतला, हातचं काही राखलं नाही. शहाणा म्हणायचा की खुळा?

खेळ रंगला. नारद झालेल्या गोमा परबाने नेहमीसारखी खोडी काढली. "राजा, तुझ्या राज्यातल्या शाळा बंद पडल्या, पोरं नदी ओलांडून जातात. तू झोपलायस काय?"

लोक सरसावून बसले. आपाला झकास उत्तर सुचलं. त्याने तोंड उघडलं. कानामागे ऊब पसरली, आणि खणखणीत आवाजात तो म्हणाला, "मुनिवर, माझी प्रजा सुखी आहे."

टाळ्या पडल्या. गोमा मात्र त्याच्याकडे टक लावून बघत राहिला. सुचलेलं उत्तर आपाला आठवेचना.

"काढा ती पट्टी!" खेळ संपवून आत येताच तो ओरडला.

बाईंनी लगेच काढली. "घाबरू नका हो. मेंदू पटकन शिकतो. पुढेपुढे पट्टीसुद्धा लागणार नाही."

दुपारी तो घरी पोचला. बायको, सुलभा, पडवीत सुपाऱ्या सोलत होती.

"काय ओ, तोंड कित्याक उतारलां तुमचां?"

त्याला सगळं सांगायचं होतं. भीती वाटते, माझं बोलणं कोणीतरी नेलंय, असं तिच्यापाशी रडायचं होतं. तो जवळ बसला. पट्टी नव्हती, तरी कानामागे ऊब पसरली.

"प्रिये," तो म्हणाला, "माझी प्रजा सुखी आहे."

ती खळखळून हसली. मग तिने त्याचे डोळे पाहिले, आणि हातातली सुपारी खाली पडली.

"अवो, असां काय बोलतास?"

तिचा हात घट्ट धरून आपाने पुन्हा तोंड उघडलं. आता बाहेर पडेल ते कोणाचं असणार होतं?